दोन ट्रम्पेटवाले आणि माझं पत्रक

आबा रोज दुपारी ट्रम्पेट टॉवेलात गुंडाळून बाहेर पडतात, हे मला शेजारच्या शेवंताअक्कांनी सांगितलं, आणि सांगताना उगाच आवाज खाली घेतला. बँडची तालीम सकाळी असते. लग्नं गोरज मुहूर्तावर असतात. मग दुपारी दोन वाजता, धुळ्याच्या त्या उन्हात, माझा बाप वाद्य झाकून जातो कुठे? मी जळगावहून कॉलेजची परीक्षा देऊन घरी आले होते. पिशवीत दोन जोड कपडे आणि बाकी सगळी पत्रकं. आमच्या युवक मंचात पहिली गोष्ट शिकवली जायची ती ही, की कुठलीच गोष्ट दिसते तशी नसते. तिच्यामागे कोणाचा तरी फायदा असतो आणि तो शोधून काढायचा असतो. मी तो सगळीकडे शोधायचे. रेशनच्या दुकानात, वसतिगृहाच्या खानावळीत, ग्रंथालयाच्या वेळापत्रकात. बऱ्याचदा सापडायचासुद्धा, त्यामुळे खोड वाढत गेली. आता आबांची पाळी होती.

आमच्या गल्लीत अलार्मचं घड्याळ कोणाकडेच नव्हतं, त्याची गरजही नव्हती. सकाळी कोणीतरी क्लॅरिनेटमध्ये फुंकर मारायचा, दुसरा ढोलाची दोरी ताणून टप टप करून बघायचा, आणि मग आबांचा ट्रम्पेट. दर पाच-सहा घरांमागे एक घर नाना मास्तरांच्या बँड पार्टीत होतं. लाल कोट सगळ्यांचे दोरीवर वाळत असायचे, त्यांच्या सोनेरी फितीवर चिमण्या चोच मारायच्या. आबा ट्रम्पेटच्या कळांना शिवणयंत्राचं तेल घालायचे, नळीतलं पाणी अंगणात झटकायचे, आणि माय ओरडायची, "तठे बिबडा वाळत शेत ना! थुकी नका उडाडू!" उन्हाळ्यात आमच्या घरात बिबड्यांचं राज्य असायचं. ज्वारीचा शिजलेला तो घाटा, वर तीळ, जुन्या लुगड्यावर थापलेल्या गोल चकत्या, आणि त्या अर्ध्या वाळल्या की चोरून खायची आमची रीत. आबांना तर तळलेला बिबडा लागायचाच. कर्र्कन मोडायचा आवाज पुढच्या घरापर्यंत जायचा. त्या वर्षी मी बघितलं, की ते बिबड्याला हात लावत नाहीत. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरीसुद्धा वरणात बुडवून, बोटांनी कुस्करून, मऊ लापशी झाल्यावर खातात. मी मायला विचारलं. ती म्हणाली, "दात हालतस त्यास्ना. पुढला. कोनले सांगू नको." माझ्या डोक्यात ती गोष्ट नीट घडी घालून ठेवली गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रत्येक गोष्ट पुरावा म्हणूनच जायची.

ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. तोंडावर पितळ दाबून तीस वर्षं वाजवलं की ओठ आणि दात दोघेही थकतात. आणि आमच्याकडे ट्रम्पेटवाल्याची सगळी किंमत एका सुरावर ठरायची. नवरदेवाचा घोडा मंडपाच्या दारात आला की बाकीचा बँड थांबायचा, आणि पुढच्या रांगेतला पहिला ट्रम्पेटवाला एकच उंच सूर धरायचा. नवरदेव रिकिबीतून पाय काढणार, खाली उतरणार, मंडपाच्या पाटावर उजवा पाय ठेवणार, तोपर्यंत तो सूर तुटायचा नाही. त्याला 'दमाचा सूर' म्हणायचे. घोडा बिथरला, नवरदेवाचं धोतर अडकलं, मामा कुठे आहे म्हणून शोधाशोध झाली, तरी ट्रम्पेटवाल्याने श्वास घ्यायचा नाही. लोक लग्नाचं जेवण विसरायचे, पण सूर तुटला ते सांगत राहायचे. आबांचा सूर एकदाही तुटलेला नव्हता. नाना मास्तरांना सुपाऱ्या मिळायच्या त्या या सुराच्या नावावर. तो गेला की आबांची जागा पहिल्या रांगेत उरणार नव्हती. हे आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं.

तर मी त्यांच्या मागे गेले. लपूनछपून नाही, दहा पावलांवरून. आबा एकेक नंबरची गल्ली ओलांडत बाजारात शिरले आणि किशोरशेठच्या कॅसेटच्या दुकानात गेले. किशोरशेठ मारवाडी जैन, आबांपेक्षा वीस वर्षांनी लहान, बापाचं कापडाचं दुकान होतं त्यातला एक गाळा अडवून त्याने कॅसेटी मांडल्या होत्या. मागे एक खोली होती, तिच्यात कापडाचे जुने ठाण छतापर्यंत रचलेले. मी पडदा सारला तर आबा खुर्चीवर बसलेले. खुर्चीवर! त्यांच्या हातात काचेच्या ग्लासात लिंबू सरबत. आज हे वाचणाऱ्याला यात काय विशेष, असं वाटेल. लग्नात आबा आयुष्यभर ट्रॅक्टरच्या सावलीत, जमिनीवर, सगळ्यांच्या मागून जेवलेले आहेत. तेव्हा एक शेठ माझ्या बापाला खुर्ची देतो म्हणजे त्याला काहीतरी हवं आहे, हा निष्कर्ष काढायला मला एक क्षणही लागला नाही.

"ये सुजाता," किशोरशेठ म्हणाला, "बरं झालं आलीस. तूच सांग, आबांचं आणि माझं जमत नाहीये. दोन कॅसेटी आहेत. कोणती भारी?"

कॅसेटींवर बॉलपेनने लिहिलेलं होतं: एकीवर 'जुना', दुसरीवर 'नवा'. त्याचा मावसभाऊ मुंबईत जुन्या रेकॉर्डी विकायचा, त्याने उतरवून पाठवल्या होत्या. जॅझ. अमेरिकेतलं. दोन्हीकडे ट्रम्पेट, दोन्ही वाजवणारे काळे, मधे तीसेक वर्षांचं अंतर. 'नवा' म्हणजे तोही माझ्या जन्माआधीचाच.

"अमेरिकेचं कशाला?" मी म्हटलं. आमच्या मंचात अमेरिका या शब्दाला एकच अर्थ होता.

"अग, बस ना," आबा म्हणाले. "काळ्या माणसांचं शे ते. तूच तर सांगस ना त्यास्नं, पत्रकात."

सांगत होते खरं. तिथल्या काळ्या लोकांच्या लढ्यावर मी तावातावाने परिच्छेद लिहिले होते. त्यांनी वाजवलेला एक सूर मात्र कधी ऐकला नव्हता.

'जुना' सुरू झाला तो एकट्या ट्रम्पेटने. मागे काही नाही, ठेका नाही, ढोल नाही. तो माणूस पायऱ्या चढावा तसा वर गेला, वर जाऊन गर्रकन वळला, आणि धावत खाली आला, आणि मग बाकीचा बँड त्याला येऊन मिळाला. पुढे एके ठिकाणी क्लॅरिनेट काहीतरी म्हणतो आणि माणूस त्याला नुसत्या गळ्याने, शब्दांशिवाय, लाडात उत्तर देतो. आणि शेवटाकडे तोच ट्रम्पेटवाला एक उंच सूर धरतो आणि धरूनच ठेवतो. आबांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. त्यांचे गाल आपोआप फुगले होते. "उतरला नवरदेव," ते हळूच म्हणाले. "हा आपला माणूस आहे. रस्त्यावरचा. याच्यासमोर लोक चालत आहेत, याला माहिती आहे की आपण थांबलो तर मिरवणूक थांबेल."

'नवा' त्याच्या अगदी उलटा. सुरुवातीला कोणीतरी जाड तारेवर एक प्रश्न विचारतो, आणि बाकीचे दोनच आवाजात उत्तर देतात, 'हं-हं'. पुन्हा प्रश्न, पुन्हा 'हं-हं'. मग ट्रम्पेट येतो. येतो म्हणजे काय, दोन सूर टाकतो आणि गप्प बसतो. मग तीन टाकतो. मधे इतकी मोकळी जागा, की मला वाटलं कॅसेट अडकली. घाई नाही, चढाई नाही, कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही.

मी लगेच निकाल दिला. तेव्हा मला निकाल द्यायला वेळ लागत नसे. "पहिला लोकांचा आहे. दुसरा विकला गेलेला. रस्त्यावरून उचलून दिवाणखान्यात नेऊन बसवलाय त्याला, साहेब लोकांपुढे हळू आवाजात."

किशोरशेठ हसला. "दिवाणखाना कोणाला वाईट वाटतो गं?"

"ज्याला आत घेत नाहीत त्याला."

"पाहा आबा, तुमची मुलगी वकील होणार."

पण आबा आमच्याकडे लक्ष देत नव्हते. त्यांनी 'नवा' परत लावायला सांगितला. ऐकून झाल्यावर ते जे बोलले ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही, आता ऐकते. "पहिला वाजवतो तेव्हा समोरचे लोक चालतात. दुसरा वाजवतो तेव्हा समोरचे बसलेत, आणि हा पण बसलाय. फरक एवढाच आहे. पहिल्याला जागा सोडता येत नाही, सोडली की घोडा बिथरेल. याला सोडता येते. याला कोणीतरी ऐकायला बसलंय." मग म्हणाले, "मला कोणी बसून ऐकलं नाही बुवा आजपर्यंत."

मला हे वाक्य म्हणजे शरणागती वाटली. आणि त्याच वेळी माझी नजर टेपरेकॉर्डरवर गेली. कोपऱ्यात दुसरा टेप होता, त्याच्यासमोर छोटा माइक, आणि लाल बटण दाबलेलं. बाजूला चार-पाच कॅसेटी. एकीवर आबांचं नाव.

झालं. मी शोधत होते तो फायदा सापडला. शेठ माझ्या बापाला खुर्ची आणि सरबत देऊन त्याचे सूर भरून घेतोय, उद्या तीच कॅसेट गावोगाव विकणार, आणि आबांना अमेरिकेचा ट्रम्पेट ऐकवून भुलवतोय. आमच्या मंचात सांगायचे, जागेवर भांडू नका, लेखी द्या. मी आबांना विचारलंसुद्धा नाही. विचारणं म्हणजे शत्रूला सावध करणं.

जळगावला जाऊन एका दिवसात सायक्लोस्टाइलवर पत्रक काढून आणलं. 'आमचा सूर, त्यांची कॅसेट!' असं वर मोठ्या अक्षरात. 'बंधूंनो आणि भगिनींनो, किती दिवस सहन करणार?' असं सुरू होत होतं, आणि मला ते फार जमलंय असं वाटत होतं. शेठचं नाव घातलं नाही, पण कॅसेटवाला म्हटल्यावर बाजारात एकच होता. आणि मग पुरावा हवा म्हणून मी तो परिच्छेद लिहिला. 'ज्या कलावंताने तीस वर्षे वाजवून वाजवून समोरचे दोन दात हलवून घेतले, ज्याला आज भाकरी वरणात कुस्करून खावी लागते, त्या कलावंताच्या उरल्यासुरल्या दमावर हे लोक टपले आहेत.' वाचताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते. आपल्याच लिहिण्यावर ज्याचे डोळे भरून येतात त्याच्यापासून जपून राहावं, हे आता मला कळतं. मी ते एसटी स्टँडवर वाटलं, बाजारात वाटलं, आणि ज्या चौकात बँडवाले सुपारीची वाट बघत बसतात तिथे तर स्वतः प्रत्येकाच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मास्तर आमच्या अंगणात. धोतर, काळी टोपी, हातात पत्रकाची घडी. ते आबांचे लहानपणापासूनचे सोबती, दोघांनी एकाच उस्तादाकडे मार खाल्लेला.

"काय रे, दात हालतस तुना?"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मायने बघितलं.

"हालतस," आबा म्हणाले.

"माले सांगाले काय झालं होतं?"

"सांगनार होतू. लगीनसराई निघी जाऊ दे म्हने."

"लगीनसराई!" नानांनी पत्रक हवेत हलवलं. "सोनगीरच्या पाटलाचा निरोप आला सकाळीच. म्हणे, मास्तर, उद्या आमच्या दारात सूर तुटला तर? पेपरात आलंय म्हणे. त्याला पत्रक अन् पेपर सारखाच." मग माझ्याकडे वळून, एकदम पुस्तकी भाषेत, "लेखिकाबाई, छान लिहिता तुम्ही. कळवळा आला आम्हाला."

ठरलं असं, की सोनगीरला आबाच पुढे राहणार. तुटला नाही तर तोंडं बंद होतील. तुटला तर नानांचा इलाज नाही.

मी गेले सोनगीरला. हायवेवर उतरून किल्ल्याच्या अंगाला चालत गेलं की पाटलांचा मंडप. ऊन उतरतीला लागलेलं, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू, फटाक्यांचा धूर. लोक नवरदेवाकडे कमी आणि आबांच्या तोंडाकडे जास्त बघत होते. माझं पत्रक तिथेही पोचलेलं होतं. एका माणसाने त्याचा पंखा करून वारा घेतला. घोडा दारात थांबला. बँड थांबला. आबांनी सूर धरला.

सुरुवातीला तो तसाच होता, लहानपणापासून ऐकलेला. नवरदेवाने एक पाय रिकिबीतून काढला. फेट्याचा शेमला लगामात अडकला, कोणीतरी सोडवायला पुढे झालं. सूर थरथरला. मग त्यात हवा भरली, नुसती फस्स. आणि थांबला. नवरदेव एक पाय हवेत घेऊन तसाच घोड्यावर. उतरावं की नाही त्याला कळेना. सुराशिवाय कोणी उतरलेलं त्याने बघितलंच नव्हतं. "वाजव ना रे!" कोणीतरी ओरडलं. कोणी हसलं. आबांनी ओठ पुसला, ट्रम्पेट परत लावला आणि खालच्या पट्टीत दोन सूर वाजवले. अगदी स्वच्छ. मग गप्प. मग तीन. एवढ्या गर्दीत ती मधली मोकळी जागा मला एकटीला कळत होती. दुसऱ्या रांगेतल्या ट्रम्पेटवाल्या सुरेशने नानांकडे बघितलं, नानांनी मान हलवली, आणि सुरेशने उंच सूर धरला. नवरदेव त्या सुरावर उतरला.

परतीच्या एसटीत मी आबांशेजारी बसले. त्यांच्या खालच्या ओठावर पितळाचा गोल वळ उमटला होता.

"मुद्दाम केलंत ते?" मी विचारलं. "कॅसेटमधल्यासारखं?"

"ओठ गेला. मग म्हटलं, जेवढं उरलंय तेवढं नीट वाजवावं." मग स्वतःच बोलायला लागले. टेप किशोरशेठचा असला तरी लाल बटण त्यांच्या सांगण्यावरून दाबलेलं असायचं. गल्लीत वाजवून बघितलं तर सगळ्या गल्लीला कळलं असतं. कापडाच्या ठाणांनी भरलेल्या त्या खोलीतून आवाज बाहेर जात नव्हता. स्वतःचा सूर कुठे फाटतो ते ऐकायला ते जात होते. आणि 'नवा' ऐकून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. पंगती बसतात तेव्हा बँड रिकामा असतो. त्या वेळी मंडपात एका बाजूला बसून, हळू, दोन-चार जणांनी वाजवायचं. लोक जेवता जेवता ऐकतील. दमाचा सूर सुरेश घेईल, आणि हे आबांचं. पावसाळ्यात नानांपुढे ती गोष्ट काढायची, म्हणून तयारी चालली होती.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस?" ते म्हणाले. रागाने नाही. मला राग चालला असता.

मीच गेले नानांकडे. पंगतीची सगळी कल्पना सांगितली, जमेल तितक्या नम्रपणे, आणि नम्रपणा मला मुळीच जमत नव्हता. नानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सुचलंय चांगलं. पण त्याला आता मंडपात बसवला तर लोक म्हणतील दात पडलेला बसवलाय, दयेनं. तू बठ्ठ्या, सगळ्या गावाला त्याची दया यायला लावलीस पोरी. दया आलेल्या माणसाचं वाजवणं कोण ऐकतं?" मंचात याचं उत्तर शिकवलं नव्हतं.

किशोरशेठबद्दल मात्र आजही माझं मन पूर्ण साफ नाही. आबांच्या नावाच्या त्या कॅसेटी त्याने कधी विकल्या नाहीत, हे खरं. कधी परतही दिल्या नाहीत. माझ्या पत्रकानंतर त्याच्या बापाने तो गाळा बंद करायला लावला, आणि तो समोरून आला की मी रस्ता बदलायचे. आता ते दोन्ही ट्रम्पेटवाले नातवाच्या फोनवर मिळतात. मी पहिला ऐकते तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो. दुसरा ऐकायला मला खुर्चीवर बसावं लागतं, आणि बसले की त्याच्यावर मी दिलेला निकाल मला आठवतो.

सोनगीरनंतरच्या आठवड्यात आमच्याच गल्लीवरून एक वरात गेली. सुरेश पहिल्या रांगेत होता. आबा सगळ्यात मागे, लाल कोट घालून, हातात झांज. झांजेला दात लागत नाहीत, असं कोणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. माय दारातून आत निघून गेली. मलाही जायचं होतं. पण मी उंबऱ्यावर उभी राहिले, बँड वळणापलीकडे जाईपर्यंत, आणि आबांनी एकही ठोका चुकवला नाही.